हौशी नाटकासाठी विहीर, जातं आणि डायलचा जुना फोन कमी खर्चात कसा मिळवायचा किंवा बनवायचा?

तुमच्या यादीत तीन वस्तू आहेत: रहाटाची विहीर, दगडी जातं आणि काळा डायलचा फोन. हाताशी पैसे बेताचे आणि तालुक्यात नेपथ्य भाड्याने देणारं कुणी नाही. आमच्या मंडळाचं नेपथ्य आणि प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू, बरीच वर्षं माझ्याकडे आहे, त्यावरून सांगतो. कुठे मिळेल हे शोधायच्या आधी संहिता घेऊन बसा आणि प्रत्येक वस्तूपुढे एवढंच लिहा: नट हिचं काय करतो? नुसती दिसते, हातात घेतली जाते, की तिच्यावर कुणी बसतं, ओणवतं? खरी आणायची की बनवायची ते त्यावरूनच ठरतं.

जातं खरंच आणा. खेड्यात कितीतरी परसांत जाती पडून असतात आणि लग्नघरी हळद दळायला तेवढी बाहेर निघतात. मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही. लगद्याचं जातं दिसायला हुबेहूब जमेल, पण त्याची घरघर कुठून आणणार? शिवाय खरा दगड फिरवताना बाईच्या खांद्यात आणि पाठीत जो जोर दिसतो, तो अभिनयाने पुरेसा येत नाही. दळायला मूठभर ज्वारी टाका, नाहीतर दगडावर दगड घासून कर्कश आवाज येतो. खाली गोणपाट दुहेरी अंथरा, म्हणजे नाट्यगृहाची फळी खरवडणार नाही.

फोनसाठी आधी भंगारवाल्याला विचारा, मग टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या ओळखीच्या माणसांना. नाहीच मिळाला तर मुंबईचा चोर बाजार किंवा पुण्याचा जुना बाजार आहेच. पुण्याचा बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. खेळण्यातला फोन नको. जुना रिसीव्हर जड असतो आणि तो उचलणाऱ्या मनगटावरून प्रेक्षकाला ते कळतं. घंटी मात्र त्यातूनच वाजवायच्या भानगडीत पडू नका. टेबलामागे छोटा ब्लूटूथ स्पीकर लपवा. नाट्यगृहाच्या मोठ्या स्पीकरमधून घंटी आली तर फोन एकीकडे आणि आवाज दुसरीकडे असं होतं. ध्वनीवाल्याने नजर नटाच्या हातावर ठेवायची. रिसीव्हर उचलला की घंटी त्याच क्षणी बंद.

आता विहीर. ही बनवावीच लागेल. दशावतारात एका बाकड्यावर राजाचा दरबार उभा राहतो, त्यामुळे विहिरीशिवाय भागेल का हे दिग्दर्शकाला एकदा जरूर विचारा. पण तुमच्या नाटकात बाई कठड्यावर बसते, पाणी काढते, म्हणजे ती हवीच.

व्यास चार फूट, उंची अडीच फूट पुरे. मागची बाजू दिसत नाही, म्हणून पाऊण गोलच करा. जाड प्लायच्या दोन कमानी कापा, एक तळाला, एक वर. मध्ये दर फुटावर दोन इंची लाकडाचे उभे तुकडे ठोका. बसणाऱ्या बाईचा सगळा भार त्यांच्यावर येणार आहे, तिथे काटकसर नको. बाहेरून बुरुडाकडची बांबूची तट्टी मारा आणि त्यावर फेव्हिकॉल आणि व्हायटिंगच्या (खडूच्या पांढऱ्या पुडीच्या) घट्ट पाण्यात बुडवलेलं गोणपाट चढवा. दगडांसाठी अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे रात्रभर भिजवा, लगदा पिळून त्यात फेव्हिकॉल कालवा आणि हाताने थापत जा. ओला असतानाच बोटाने सांधे ओढा, आणि दगड मुद्दाम लहानमोठे ठेवा. एकसारखे केले की टाइल्स वाटतात. पावसाळ्यात हे वाळायला चार-पाच दिवस सहज जातात. थर्माकोल वापरू नका. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात 2018 पासून बंदी आहे, आणि तापलेल्या दिव्यांजवळ ते धोक्याचंही आहे.

रंग डिस्टेंपरचाच घ्या, ऑइल पेंट दिव्यात चमकतो आणि दगडाचं सोंग उघडं पडतं. आधी काळपट राखाडी, तो सुकला की जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट राखाडी नुसती वरवर फिरवा. रंग उंचवट्यांवर बसतो, सांधे काळेच राहतात. बुंध्याला स्पंजने शेवाळी हिरवा द्या. हे काम मला फार आवडतं, पुठ्ठ्याचा लगदा डोळ्यांदेखत दगड होतो. मात्र रंग पारखायचा तो रंगमंचाच्या दिव्यांखाली, उन्हात नाही.

रहाटाचे खांब कठड्याला जोडू नका. ते वेगळ्या लाकडी चौकटीत नट-बोल्टने घट्ट करा आणि चौकटीवर मागून वाळूची पोती ठेवा. आत घमेल्यात चार बोटं पाणी ठेवा. काथ्याच्या दोराला बांधलेली पत्र्याची बादली त्यात टेकली की जो आवाज येतो, त्याने खोल विहीर उभी राहते. खाली प्लास्टिक अंथरा आणि दिव्यांच्या वायरी तिथून पूर्ण दूर घ्या.

कठडा दोन तुकड्यांत करा आणि पिन काढता येणाऱ्या बिजागऱ्यांनी जोडा. छोट्या हत्तीत (लहान टेम्पोत) मावेल, विंगेच्या दारातून जाईल आणि नाट्यस्पर्धेत उतरलात तर नेपथ्य लावायला मिळणाऱ्या मोजक्या वेळात दोन माणसं तो उभा करतील. रहाट मात्र निदान शेवटच्या आठवड्यात रोज तालमीला न्या. दोर ओढत संवाद म्हणायला वेगळा दम लागतो.