'प्रशियन' म्हणजे नेमके कोण? बोब्रोव्स्कीच्या एका शीर्षकाबद्दल

एका वाचकाने विचारलं आहे: योहानेस बोब्रोव्स्की या जर्मन कवीची 'प्रुत्सिशे एलेगी' ही कविता मी मराठीत आणतो आहे. नाव 'प्रशियन विलापिका' असं केलं, पण कविता वाचताना ते खटकायला लागलं. कवी जर्मन, प्रशियनही जर्मनच. मग हा माणूस कोणासाठी शोक करतोय आणि कोणावर चिडलाय? शिवाय त्याच्या पहिल्या संग्रहाच्या नावात 'सार्मेशिया' येतो, तो देश कुठला?

खटकलं ते अगदी योग्य जागी खटकलं. 'विलापिका' चोख आहे, तो तसाच ठेवा. घोळ 'प्रशियन'मध्ये आहे, आणि तो घोळ सातशे वर्षं जुना आहे. हे नाव मुळात ज्यांचं होतं ते लोक जर्मन नव्हते. जर्मनांनी त्यांना जिंकलं, त्यांची जमीन घेतली आणि शेवटी त्यांचं नावही स्वतःला लावून घेतलं. बोब्रोव्स्कीची कविता त्या पहिल्या, मूळच्या लोकांसाठी आहे. राग आहे तो नाव घेणाऱ्यांवर, म्हणजे कवीच्या स्वतःच्या पूर्वजांवर.

बाल्टिक समुद्राच्या काठी, व्हिस्टुला आणि नेमुनास या दोन नद्यांच्या मधल्या प्रदेशात हे लोक राहायचे. साम्बिया, नातांगिया, पोमेसानिया अशा त्यांच्या टोळ्यांच्या मुलखांची नावं आजही इतिहासाच्या पुस्तकांत सापडतात. भाषेने ते लिथुआनियन आणि लाटवियन लोकांचे भाऊबंद. ना जर्मन, ना स्लाव. देव त्यांचे स्वतःचे होते, गर्जणारा पेर्कून त्यांपैकी एक. माझोव्हियाचा पोलिश ड्यूक कोनराड याचं या शेजाऱ्यांशी सतत वाजायचं. त्याने १२२६च्या सुमारास जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाला, म्हणजे ट्यूटॉनिक ऑर्डरला, मदतीला बोलावलं. मदतीला आलेले परत गेले नाहीत. पुढच्या पन्नासेक वर्षांत त्यांनी तलवारीच्या धाकावर बाप्तिस्मे दिले, किल्ले बांधले, जर्मन शेतकरी आणून वसवले. १२६०मध्ये मोठा उठाव झाला. त्याचा सर्वांत नावाजलेला पुढारी हेर्कुस मोंटे अखेर पकडला आणि मारला गेला. १२८३पर्यंत सगळा मुलूख संघाच्या ताब्यात आला होता.

आता नावाचा प्रवास पाहा. १५२५मध्ये संघाचा प्रशियातला शेवटचा प्रमुख, होहेनझोलर्न घराण्यातला आल्ब्रेख्ट, लूथरपंथी झाला आणि त्या प्रदेशाचा ड्यूक बनला. 'प्रशिया' हे राज्याचं नाव झालं. १६१८मध्ये तो मुलूख ब्रांडेनबुर्गच्या, म्हणजे बर्लिनच्या, शाखेकडे गेला. १७०१मध्ये त्या घराण्यातल्या फ्रीडरिशने प्रशियातल्या कोनिग्सबर्ग शहरात जाऊन स्वतःला राज्याभिषेक करून घेतला. राजेपद बर्लिनच्या नावाने घेता येत नव्हतं, कारण ब्रांडेनबुर्ग पवित्र रोमन साम्राज्यात मोडत होतं. प्रशियाचा मुलूख त्या साम्राज्याबाहेर होता, म्हणून ते नाव कामाला आलं. मग ते पसरत पसरत ऱ्हाइन नदीपर्यंत गेलं. आपल्या शाळेच्या इतिहासात बिस्मार्कच्या धड्यात भेटणारे प्रशियन ते हेच. बर्लिनमध्ये अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तयार झालेल्या गडद निळ्या रंगालाही तेच नाव चिकटलं, आणि आपल्याकडच्या रंगपेट्यांतल्या नळीवर ते आजही छापलेलं असतं. फुटबॉल पाहणारे 'बोरुसिया डॉर्टमुंड' म्हणतात, तो 'बोरुसिया' म्हणजे प्रशियाचंच लॅटिन रूप.

याच काळात मूळ भाषा संपत होती. १७०९ ते १७११ या वर्षांत त्या भागात प्लेगची भयानक साथ आली आणि तिच्यात ती बोलणारे उरलेसुरले लोकही गेले, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. म्हणजे नावाला राजमुकुट मिळाला आणि दहाएक वर्षांत ते नाव ज्यांचं, त्यांची भाषा कायमची थांबली. मला तरी भाषांच्या इतिहासातला याहून क्रूर योगायोग माहीत नाही.

त्या भाषेचं जे थोडं उरलंय, त्यात एल्बिंगची शब्दयादी सर्वांत मोलाची. १४००च्या आसपासची नक्कल, सुमारे ८०० शब्द: एका बाजूला जर्मन, समोर तिथल्या लोकांचा शब्द. यादी देवापासून सुरू होते. जर्मन 'गॉट', समोर 'देय्विस'. पुढे मध, 'मेद्दो'. घोडीच्या दुधाला 'आस्विनान'. पुरुषाला 'वीर्स'. देव, मधु, अश्व, वीर हे शब्द रोज वापरणाऱ्या मराठी माणसाला ही यादी परकी वाटणं कठीण आहे. बाल्टिक भाषा आणि संस्कृत एकाच मोठ्या कुळातल्या, ते नातं इथे उघड्या डोळ्यांनी दिसतं. यादी कोणाच्या सोयीसाठी केली असेल, हाही विचार मनात येतोच. जर्मन शब्द आधी आहे. जिंकणाऱ्याला जिंकलेल्याशी व्यवहार करायला लागणारे शब्द आहेत ते.

यादीशिवाय तीन धर्मपुस्तिका आहेत, कोनिग्सबर्गला छापलेल्या: दोन १५४५च्या, तिसरी १५६१ची. तिसरी आबेल विल नावाच्या पाद्र्याने भाषांतरित केली. त्याला ती भाषा नीट येत नव्हती, म्हणून त्याने पाउल मेगोट नावाच्या तिथल्या एका माणसाची मदत घेतली. एका भाषेचं सलग गद्य आपल्यापर्यंत पोचलं ते बहुतांशी या मेगोटच्या तोंडून, आणि तेही लूथरची प्रश्नोत्तरी म्हणून. त्यांची स्वतःची गाणी, गोष्टी, शिव्या, अंगाई यांतलं जवळपास काहीच हाती लागत नाही.

जर्मन भाषेने पुढे ही दोन माणसं वेगळी दाखवायची सोय करून घेतली. राज्य आणि त्याचे नागरिक यांना 'प्रॉइसन', आणि मूळ लोकांना 'प्रुत्सन' किंवा 'प्रूसन'. म्हणून जर्मन वाचकाला कवितेच्या नावातला 'प्रुत्सिशे' वाचताक्षणीच कळतं की इथे प्रशियाच्या राजाची, फ्रेडरिक द ग्रेटची, पलटण येणार नाही. मराठीत आपण 'प्रशियन' इंग्रजीतून उचलला. इंग्रजीत दोघांना एकच शब्द आहे, फरक करायचा तर मागे 'जुने' लावायचं. पण 'जुने प्रशियन' म्हटलं की मराठी कानाला बिस्मार्कचे आजे-पणजे वाटतात. त्याने भागत नाही.

बोब्रोव्स्कीला हा फरक जिव्हाळ्याचा का होता, ते त्याच्या आयुष्यात आहे. जन्म ९ एप्रिल १९१७, टिल्सिट. १८०७मध्ये नेपोलियनने जिथे तह केला तेच हे गाव, मेमेल नदीच्या काठचं. मेमेल म्हणजे वर आलेली नेमुनासच, जर्मन नावाने. शिक्षण कोनिग्सबर्गला. सुट्ट्यांत नदीपलीकडे आजोळच्या बाजूच्या खेड्यांत, जिथे जर्मन, लिथुआनियन, पोलिश आणि ज्यू शेजारी शेजारी राहत. नाझी काळात तो त्यांना विरोध करणाऱ्या चर्चवाल्यांच्या वर्तुळात होता, तरी अंगावर वर्दी होतीच: आधी सक्तीची लष्करी सेवा, मग पोलंड, फ्रान्स आणि रशिया, संदेश-दळणवळण पथकातला साधा सैनिक म्हणून. १९४१मध्ये रशियातल्या इल्मेन सरोवराकाठी तो पहिल्यांदा गंभीरपणे कविता लिहायला लागला, आक्रमकांच्या सैन्यात उभं राहून, समोर जाळलेली गावं दिसत असताना. १९४५ ते १९४९ युद्धकैदी, डोनबासच्या कोळसा खाणीत. सुटला तेव्हा टिल्सिट सोव्हिएत संघात गेलं होतं आणि त्याचं नाव 'सोव्हेत्स्क' झालं होतं. प्रशिया नावाचं राज्यही उरलं नव्हतं. दोस्त राष्ट्रांनी फेब्रुवारी १९४७मध्ये कायदा करून ते मोडीत काढलं होतं. तो पूर्व बर्लिनच्या फ्रीडरिशहागेन भागात राहिला, प्रकाशनगृहांत संपादकाची नोकरी केली, १९५९पासून 'उनिओन' प्रकाशनात.

त्या वेळी पश्चिम जर्मनीत पूर्वेकडून हाकलले गेलेले लाखो लोक गेलेल्या घरासाठी हळहळत होते. त्यांचं दुःख खोटं नव्हतं. बोब्रोव्स्कीचंही घर तिकडेच गेलं होतं. पण त्याने दुःखाची सुरुवात १९४५पासून धरली नाही. ट्यूटॉनिक संघाच्या दिवसांपासूनचा दुर्दैवाचा आणि अपराधाचा लांबलचक इतिहास आपल्या लोकांच्या नावे लिहिलेला आहे, असं त्याने आपल्या विषयाबद्दल स्पष्ट सांगितलं. तो पुसता येणार नाही, फेडताही येणार नाही, पण जर्मन कवितेत एक प्रामाणिक प्रयत्न करण्याइतकी त्याची किंमत आहे, हे त्याचं म्हणणं. मला तो मोठा वाटतो तो याच कारणाने. ज्या मातीवर तो खेळला ती आधी कोणाची होती, हा प्रश्न त्याने स्वतःच्या आठवणींच्याही आधी ठेवला.

'प्रुत्सिशे एलेगी' त्याने १९५२मध्ये लिहिली. १९५५मध्ये पेटर हुखेल संपादक असलेल्या 'झिन उंट फोर्म' या द्वैमासिकात ती आली. कविता त्या लोकांना थेट हाक मारते. सुरुवातीलाच तो म्हणतो की तुझ्यासाठी गाणं गायचंय, संतापलेल्या प्रेमाने उजळलेलं, पण आक्रोशाने काळवंडलेलं. शेवटाकडे सांगतो की तुझी साक्ष आता नावं देतात: डोंगरउतार, नद्या, दगड, वाटा. भाषांतर करताना इथे 'तू' सोडू नका. एका अख्ख्या जमातीला एकेरी हाक मारणं काहींना खटकेल, पण मराठीत आई आणि देव दोघांनाही 'तू' म्हणतात. जवळीक आणि आदर एका शब्दात मावतात. 'तुम्ही' केलंत तर श्रद्धांजलीचं भाषण होईल.

नावांचा हा धागा त्याच्या कादंबरीतही आहे, आणि तिथे तर तो जवळजवळ खट्याळ होतो. 'लेविन्स म्यूले', म्हणजे 'लेविनची गिरणी', १९६४ची. उपशीर्षक: माझ्या आजोबांबद्दल ३४ वाक्यं. काळ १८७४, जागा व्हिस्टुलेच्या खोऱ्यातलं सरहद्दीजवळचं खेडं. निवेदकाचा आजोबा श्रीमंत जर्मन गिरणीवाला. नदीवर लेविन या तरुण ज्यूची छोटी पाणचक्की उभी राहते, तर आजोबा रात्री पाणी अडवून एकदम सोडतो आणि ती वाहून नेतो. मग कोर्टकचेऱ्या, साक्षी फिरवणं, सगळे जर्मन एक. सुरुवातीलाच निवेदक सांगतो की या गावात जर्मनांची आडनावं कामिन्स्की, टोमाशेव्स्की, कोसाकोव्स्की अशी आहेत आणि पोलिश लोकांची लेब्रेख्ट, गेरमान. म्हणजे जर्मनपणाचा टेंभा मिरवणाऱ्यांची आडनावं पोलिश, आणि ज्यांना ते हिणवतात त्यातल्या एकाच्या आडनावात चक्क 'जर्मन'. लिहिणाऱ्याचं स्वतःचं आडनावही बोब्रोव्स्की! रक्तशुद्धीच्या गप्पा किती पोकळ, हे सांगायला त्याला दोन ओळी पुरल्या.

१९६२मध्ये त्याला 'ग्रुपे ४७' या लेखकगटाचं पारितोषिक मिळालं, बर्लिनची भिंत उभी राहून वर्ष झालं होतं तेव्हा. दोन्ही जर्मनींत वाचला जाणारा तो मोजक्या कवींपैकी एक. पुढची तीनच वर्षं मिळाली. २ सप्टेंबर १९६५ रोजी अपेंडिक्स फुटून तो गेला, वय ४८. दुसरी कादंबरी 'लिटाउइशे क्लावीरे' तेवढ्यात लिहून झाली होती, ती मृत्यूनंतर आली. तिच्यात दोन माणसं अठराव्या शतकातल्या डोनेलाइटिस या लिथुआनियन पाद्री-कवीवर ऑपेरा रचायला निघालेली आहेत.

तर शीर्षकाबद्दल माझं मत असं. मूळ लोकांसाठी मराठीत 'प्रूस' शब्द घ्यावा. त्यांच्या धर्मपुस्तिकेत भाषेला 'प्रूसिस्कान' म्हटलंय, लिथुआनियनमध्येही ते 'प्रूसाय'. म्हणजे हे रूप त्यांच्या आणि त्यांच्या भावांच्या तोंडचं आहे. उच्चाराला सोपा, आणि 'प्रशियन'शी गल्लत होत नाही. 'प्रूस भाषा', 'प्रूस टोळ्या', 'प्रूसांचा उठाव' सहज बोलता येतं. कवितेचं नाव 'प्रूसांसाठी विलापिका' करा. 'प्रूस विलापिका' आटोपशीर आहे, पण त्यातून प्रूसांनीच रचलेली विलापिका असा अर्थ निघू शकतो, आणि रचणारा तर जर्मन आहे. 'साठी' हवाच. पुस्तकात तळटीप देणार असाल तर दोन ओळींत हा फरक सांगा, फार नको.

राहिला सार्मेशिया. ते कोणत्याही आधुनिक देशाचं नाव नाही. दुसऱ्या शतकात टॉलेमीने व्हिस्टुलेपासून पूर्वेकडे डॉन नदीपर्यंत आणि त्याही पलीकडे पसरलेल्या मुलखाला ते नाव दिलं. पुढे पोलिश सरदार स्वतःला सार्मेशियन लोकांचे वंशज म्हणवत. बोब्रोव्स्कीने ते मुद्दाम उचललं, कारण जर्मन, पोलिश, रशियन, लिथुआनियन यांपैकी कोणीच त्या नावावर आज हक्क सांगत नाही. सुरुवातीला तर जर्मन महाकवी गटेच्या धर्तीवर 'सार्मेशियन दिवाण' (दिवाण म्हणजे कवितासंग्रह) लिहायचा त्याचा बेत होता. १९६१च्या संग्रहाचं नाव 'झार्माटिशे त्साइट', ते 'सार्मेशियाचा काळ' असं सरळ करता येईल. इथे रूढ इंग्रजी वळणाचा 'सार्मेशिया' ठेवायला हरकत नाही. या नावामागे दुसरं कोणी झाकलं जात नाही.