मुलं टीममध्ये पोहतात, म्हणून समुद्राची काळजी नाही?

तुझं पत्र सविस्तर आहे आणि त्यात प्रश्नही बरेच आहेत. डिसेंबरच्या सुट्टीत हवाईतल्या काऊई बेटावर जावं की बहामाला, सासू-सासरे तेव्हा इथेच अमेरिकेत असतील तर त्यांना झेपेल का, नवऱ्याच्या पासपोर्टवरचा एच-वन-बीचा, म्हणजे नोकरीच्या व्हिसाचा, स्टँप संपलाय त्याचं काय, आणि "या वर्षी इंडियाला न जाता बेटावर मजा करायला निघालोय, याचं मनाला फार लागतंय." हे सगळं मी वाचलं, पण अडकले ती तू जाता जाता लिहिलेल्या एका ओळीपाशी: "दोन्ही मुलं स्विमिंग टीममध्ये आहेत, त्यामुळे पाण्याची काळजी नाही. आम्हा मोठ्यांपैकी कुणालाच पोहता येत नाही, आम्ही आपले काठावर बसून फोटो काढू."

अगं, माझी काळजी तिथूनच सुरू झाली. बाकीची उत्तरं शेवटी थोडक्यात देते. आधी हे बोलू.

आपल्यातल्या बहुतेकांचं असंच झालंय. आपण परीक्षा देत देत मोठे झालो, पोहायचं राहून गेलं. इकडे आल्यावर मुलांना मात्र लहानपणीच क्लासला घातलं, शनिवारी अंधारात उठून पोहण्याच्या स्पर्धांना नेलं, ओल्या टॉवेलांनी भरलेल्या बॅगा उचलल्या. त्याचा अभिमान वाटायलाच हवा. पण पूलमध्ये पोहणाऱ्या मुलाला तळावरची रेघ दिसते, पंचवीस यार्डांवर भिंत असते आणि पाणी जागच्या जागी असतं. समुद्रात यातलं काहीच नसतं. तुझा अकरा वर्षांचा मुलगा फ्रीस्टाइलमध्ये किती सेकंदांत येतो, हे तू कौतुकाने लिहिलंयस. पण समुद्र त्याला ओढत असेल तेव्हा तो वेग त्याच्या उपयोगी पडणार नाही. उलट त्या वेगाच्या भरवशावर तो किनाऱ्याच्या दिशेने हात मारत राहील आणि दमेल.

ही ओढ म्हणजे रिप करंट. लाटांबरोबर किनाऱ्याला आलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात समुद्राकडे निघतं. वाळूच्या दांड्यात खिंड असेल तिथून, जेट्टीच्या कडेने किंवा प्रवाळाच्या भिंतीत फट असेल तिथून. बेटांवर हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण प्रवाळाच्या आतलं पाणी संथ दिसतं आणि फटीजवळची स्वच्छ वाळू बघून लोक नेमके तिथेच उतरतात. या प्रवाहाचा वेग साधारणपणे सेकंदाला १ ते २ फूट असतो, पण ८ फुटांपर्यंतही मोजला गेलाय. त्या वेगापुढे ऑलिंपिकमधला पोहणाराही टिकत नाही. लाटांच्या किनाऱ्यांवर लाइफगार्ड ज्यांना वाचवतात, त्यांतले ८० टक्क्यांहून जास्त लोक रिप करंटमध्ये सापडलेले असतात, असं युनायटेड स्टेट्स लाइफसेव्हिंग असोसिएशन सांगते.

आमच्या धाकटीचंच सांगते. तीही टीममध्ये होती. आम्ही हवाईतल्याच मावी बेटावर गेलो होतो आणि सकाळी पाण्यात उतरण्याआधी तिच्या बाबांनी दोघी मुलींना टॉवरवरच्या लाइफगार्डकडे नेलं होतं. त्याने गुडघे टेकून ओल्या वाळूत बोटाने चित्र काढून दाखवलं: इथे पांढरा फेस, इथेही फेस आणि मधे हा गडद, गुळगुळीत पट्टा. 'सगळ्यात शांत दिसते ती हीच जागा, इथे जायचं नाही. आणि ओढले गेलात तर भांडायचं नाही, पाठीवर पडायचं आणि एक हात वर करायचा.' दुपारी ती त्याच पट्ट्यात सापडली. मी काठावर होते, माझं तिच्यावर पूर्ण लक्ष होतं, आणि तरी मला वाटलं की ती मजेत तरंगतेय. ओरडणं नाही, धडपड नाही, नुसता वर केलेला एक हात. मला कळेपर्यंत लाइफगार्ड बोर्ड घेऊन अर्ध्यावर पोचला होता.

म्हणून तुम्ही चौघं "काठावर बसून फोटो काढू" म्हणता, ते मला मुळीच पटत नाही. बुडणारं माणूस सिनेमातल्यासारखं हात हलवून 'वाचवा वाचवा' करत नाही. तोंड पाण्याच्या वर येतं तेवढ्या क्षणात श्वास घ्यायचा की हाक मारायची, यात शरीर श्वासच घेतं. हे सगळं मिनिटभरात संपू शकतं. फोनमध्ये फ्रेम लावत बसलेल्या माणसाला ते दिसणार नाही. मुलं पाण्यात असतील तेव्हा मोठ्यांपैकी एकाने फक्त बघायचं: फोन बॅगेत, पुस्तक मिटलेलं, गप्पा बंद. वीस मिनिटांनी 'आता तू बघ' असं तोंडाने सांगून पाळी बदलायची. 'सगळेच बघताहेत' म्हटलं की कुणीच बघत नसतं.

आणि नवऱ्याला आत्ताच बजावून ठेव. मूल ओढलं जाताना दिसलं की बाप धावतो, पोहता येत नसलं तरी धावतो. वाचवायला गेलेलाच बुडाला असं पुष्कळदा होतं. त्याने करायचं ते असं: लाइफगार्डला हाक, तो नसेल तर ९११, आणि तरंगणारं जे हाताशी असेल ते मुलाकडे फेकायचं. बूगी बोर्ड, रिकामा कूलर, काहीही. मुलाला ओरडून सांगायचं की पाठीवर तरंग, किनाऱ्याला समांतर पोह. रिप करंट पाण्याखाली ओढत नाही, किनाऱ्यापासून लांब नेतो. तो पट्टा रुंदीला बहुतेक वेळा फार नसतो. त्यातून बाजूला झालं की लाटांबरोबर परत येता येतं.

आता तू सुट्टीसाठी बुक केलेलं काऊईच्या उत्तर किनाऱ्यावरचं, हनालेईजवळचं ते घर. तू लिहितेस, "डिसेंबर असूनही बरंच स्वस्त मिळतंय आणि समोरचा किनारा अगदी निर्जन आहे." बाई गं, निर्जन म्हणजे तिथे लाइफगार्ड नाही. आणि हवाईत हिवाळ्यात उत्तर किनाऱ्यांवर प्रचंड लाटा येतात. उत्तर पॅसिफिकमधल्या वादळांचं पाणी सरळ तिथे येऊन धडकतं. जुलैमध्ये तळ्यासारखा दिसणारा किनारा डिसेंबरमध्ये पायही घालू नये असा होतो. लिस्टिंगमधले फोटो उन्हाळ्यातले असणार. त्याच बाजूला हनाकापिआई नावाच्या किनाऱ्याच्या वाटेवर एक लाकडी पाटी असायची, पाण्याजवळ जाऊ नका असं सांगणारी, आणि तिच्यावर बुडालेल्यांच्या रेघा कोरलेल्या. हिवाळ्यात दक्षिणेकडे राहा. पोइपूला लाइफगार्ड असतात आणि लहान मुलांसाठी उथळ, आडोशाचं पाणी आहे. पूर्वेला लिडगेट पार्कमध्ये लाव्हाच्या दगडांची भिंत घालून समुद्राचंच पाणी अडवलंय, तिथे सासू-सासरेही कंबरभर पाण्यात निर्धास्त बसतील. माझ्या सासूबाई गुडघाभर पाण्यात पाठमोऱ्या उभ्या असताना एका लाटेने आडव्या झाल्या आणि मनगट मोडलं. समुद्राकडे पाठ करायची नाही, हे त्यांना रोज सांग, राग आला तरी सांग.

रोज सकाळी झेंडे बघायचे. लाल म्हणजे धोका जास्त, दोन लाल म्हणजे पाणी बंद, जांभळा म्हणजे जेलीफिशसारखे त्रासदायक जीव. झेंडा नाही म्हणजे धोका नाही असं नाही. लाइफगार्डला 'आज कुठे उतरू?' असं सरळ विचार, त्यांना ते आवडतं. फुगवायची बदकं आणि रिंगा घरीच ठेव. कोस्ट गार्डची मान्यता छापलेलं लाइफ जॅकेट ने.

निघण्याआधी एक परीक्षा घे. रेड क्रॉसची आहे, पूलमध्येच घेता येते. डोक्यावरून पाणी जाईल तिथे उडी मारून वर यायचं, एक मिनिट तरंगायचं, पूर्ण गोल फिरून बाहेर पडायची जागा शोधायची, तिथपर्यंत २५ यार्ड पोहायचं आणि शिडीशिवाय बाहेर यायचं. हे सगळं एका दमात. तुझ्या आठ वर्षांच्या मुलीला जमलं नाही तर समुद्रात ती हाताच्या अंतरावर राहील, टीम असो वा नसो. आणि तुम्ही दोघं या आठवड्यात वायएमसीएमध्ये मोठ्यांच्या क्लासला नाव घाला. आमच्या ह्यांनी चाळिशी उलटल्यावर सुरुवात केली, केस पिकलेले, शेजारी पाच वर्षांची मुलं. महिन्याभरात पाठीवर तरंगायला लागले. तुम्हाला तेवढंच हवंय.

बाकीचं झटपट. काऊईच ठरवा, कारण स्टँप. एच-वन-बीचा स्टँप संपलेला असताना आय-९४, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद, वैध असेल तर कॅनडा किंवा मेक्सिकोला तीस दिवसांपर्यंत जाऊन परत येता येतं, पण शेजारच्या बेटांसाठी ही सोय फक्त एफ (विद्यार्थी) आणि जे (एक्स्चेंज) व्हिसावाल्यांना आहे. नवा स्टँप घेतल्याशिवाय बहामाहून नवऱ्याला परत येता येणार नाही. हवाई देशांतर्गत आहे, इमिग्रेशन नाही, तरी सगळ्यांचे पासपोर्ट आणि सासू-सासऱ्यांच्या आय-९४ ची प्रिंट जवळ ठेव. सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, आणि त्यांच्या व्हिजिटर इन्शुरन्समध्ये आधीपासूनच्या आजारांबद्दल काय लिहिलंय ते वाच. सनस्क्रीन झिंकचं घे. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेटवाली हवाईत १ जानेवारी २०२१ पासून विकता येत नाहीत, प्रवाळासाठी.

इंडियाला न जाण्याचं मनाला लावून घेऊ नकोस. सासू-सासरे तुमच्याबरोबरच आहेत, तुझ्या आईला रोज व्हिडिओ कॉल कर आणि पुढच्या हिवाळ्यातली तिकिटं आत्ताच बघून ठेव.

आणि हनालेईच्या त्या घराचं बुकिंग कधीपर्यंत विनाखर्च रद्द होतं, ते आज रात्रीच बघ.