डायव्हर्टिक्युलायटिसमुळे (मोठ्या आतड्याच्या भिंतीवर झालेल्या लहान पिशव्या सुजल्यामुळे) वडिलांच्या मोठ्या आतड्याशेजारी गळू झाले आहे. शस्त्रक्रिया कापूस वेचणीनंतर केली तर चालेल का?

ताप उतरला असेल आणि प्रतिजैविकांनी किंवा नळीवाटे पू काढल्यावर गळू आटल्याचे सी.टी. स्कॅनमध्ये दिसत असेल, तर सर्जनच्या संमतीने थांबता येते; मात्र पोट दगडासारखे कडक झाले, तर आतडे फुटल्याची शंका धरून त्याच रात्री नागपूर किंवा सेवाग्रामचे मोठे रुग्णालय गाठावे, वेचणीचे नंतर पाहता येईल. लघवीतून हवा जात असल्यास आतडे मूत्राशयाला जोडले गेलेले असू शकते व त्यावर बहुधा शस्त्रक्रियाच लागते. तातडीच्या शस्त्रक्रियेत पोटावर शौचाची पिशवी येण्याची शक्यता अधिक असते. ती पुष्कळदा काही महिन्यांनी निघते, तरी वाकून काम करताना तिची कड सुटू नये म्हणून ती बसवणे घरातल्या एकाने दवाखान्यातच शिकून घ्यावे. शस्त्रक्रियेनंतर साधारण ६ आठवडे कापसाचे गाठोडे किंवा फवारणीचा पंप उचलल्यास हर्नियाचा धोका वाढतो. शस्त्रक्रियेनंतर खाण्यात आधी मऊ भात-वरण, ज्वारीची भाकर सावकाश.