ओळ दाखवा म्हण

सोलापूर

प्रिय पोरी,

परवा अभ्यासिकेच्या जिन्यात तू मला थांबवून विचारलंस, "काका, तिजोरीतच काही नसेल तर आम्ही कोणत्या तोंडानं मागायचं?" मी काहीबाही बोलून वेळ मारून नेली. तुझा प्रश्न अवघड होता म्हणून नाही. तो मला वीस वर्षांपूर्वीच कुणीतरी विचारायला हवा होता, म्हणून. केंद्रातली रिक्त पदं भरा, या निवेदनावरची तुझी सही तू खोडलीस हे मागाहून कळलं आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

तिजोरी रिकामी आहे असं तुला पटवणाऱ्या त्या मुलानं सांगितलेला कर्जाचा आकडा खोटा नाही. 2025-26 च्या अर्थसंकल्पात राज्याचं कर्ज 9 लाख 32 हजार कोटींच्या घरात जाईल, असाच अंदाज होता. राज्यातल्या सगळ्यांच्या मिळून होणाऱ्या वार्षिक उत्पन्नाशी ताडून पाहिलं तर तेच कर्ज 19 टक्क्यांच्या आत बसत होतं, हे मात्र तो बोलला नाही. लाख कोटी हा शब्द कानावर पडला की साधा माणूस शरमतो, जणू त्यानंच घरात बसून खाल्लं. अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर तू चार वर्षं लसीचा डबा खांद्याला लावून फिरतेस. तू काय खाल्लंस? शरमायचं कारण काय तुला?

कर्ज म्हणजे थाप आहे, असं माझ्याकडून तुला कधी ऐकायला मिळणार नाही. एकतीस वर्षं लेखा शाखेत काढली आहेत. राज्याला नोटा छापता येत नाहीत. रोखे, म्हणजे कर्जाचे कागद, काढावे लागतात, त्यांचं व्याज वेळेवर द्यावं लागतं. व्याज, पगार आणि पेन्शन आधी जातं, उरलेल्यात बाकी सगळं. पण हे रोखे घेतं कोण? बँका, विमा, भविष्य निर्वाह निधी. तुझ्या आईच्या विडीच्या मजुरीतून पीएफ कापला जातो ना, त्या निधीचा मोठा वाटा सरकारी रोख्यांतच असतो. म्हणजे तुझी आई सावकारही आहे आणि कर्जदारही. तिला कुणी विचारलं का, की बाई, कपात कुठं करू?

म्हणून सांगतो. कर्ज आहे म्हटलं की मान हलव आणि लगेच विचार, मग कापलं कुठं? कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या कोणत्या खात्यात? ओळ दाखवा म्हण.

आपल्याकडं कपात कुणी जाहीर करत नाही. मार्चमध्ये तरतूद मंजूर होते, पेपरात येते, सत्कार होतात. मग वर्षभर निधी थेंबाथेंबानं सुटतो. काटकसरीचं परिपत्रक येतं, फेब्रुवारीत खरेदी थांबते आणि 31 मार्चला उरलेली रक्कम परत जाते. प्रत्यक्ष किती खर्च झाला ते अर्थसंकल्पाच्या पुस्तकात छापून येतं दोन वर्षांनी, पहिल्या रकान्यात, आणि तो रकाना कुणी वाचत नाही. तू वाच. सगळ्यात स्वस्त कपात म्हणजे रिक्त पद. त्यात कुणाला काढावं लागत नाही, कुणी रडत नाही. माणूस निवृत्त होतो, खुर्ची तशीच राहते.

हे मला ठाऊक आहे, कारण मी ते केलंय.

2002 च्या सुमाराची गोष्ट. कोणतं कार्यालय ते लिहीत नाही. एका प्रसूतिगृहातल्या परिचारिका निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागेची फाईल माझ्या टेबलावर आली. वरून तोंडी सांगितलं होतं. मी निळ्या शाईनं टिपणी लिहिली, "आर्थिक परिस्थिती विचारात घेता सदर पद तूर्त रिक्त ठेवण्यास हरकत नसावी." माझं अक्षर चांगलं होतं, साहेब त्याचं कौतुक करायचे. त्या "तूर्त"ला अंत नव्हता. मी निवृत्त झालो तेव्हाही ते पद रिक्तच होतं.

पुढच्या जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, शेजारच्या सुनेला रात्री दीडला कळा सुरू झाल्या. मी रिक्षा आणली. प्रसूतिगृहाच्या दाराला कुलूप होतं आणि कडीला पुठ्ठा बांधला होता, "रात्रपाळी बंद". तिथून सिव्हिलकडं निघालो तर यात्रेमुळं रस्ता अडवलेला, वळसा घालावा लागला. बाळ रिक्षातच झालं. तिच्या सासूनं लुगड्याचा पदर फाडून त्याला गुंडाळलं. दोघंही वाचले, हे नशीब. पण कडीला लटकलेला तो पुठ्ठा मी ओळखला. ती माझीच ओळ होती, फक्त अक्षर दुसऱ्याचं.

आणि त्या पगारापोटी वाचलेली रक्कम? मार्चअखेर अखर्चित म्हणून परत गेली. राज्याच्या कर्जातला एक रुपया तरी त्यानं फिटला असेल तर मला कुणी दाखवावं.

मी नसतं लिहिलं तर शेजारच्या टेबलानं लिहिलं असतं, हे मी स्वतःला फार वर्षं सांगत आलो. थोरलीची फी भरायची होती, घराचे हप्ते होते, वडील अंथरुणाला खिळले होते. हे सगळं खरंच होतं. त्यानंतर दोन फायलींवर मी उलट मत लिहिलं आणि दोन्ही वेळा माझं टेबल बदललं, हेही खरं. तरी ती पहिली टिपणी पुसली जात नाही. तेव्हा समोर येऊन कुणी म्हटलं असतं, "भाऊसाहेब, ही जागा कुणी आणि कशापायी रिक्त ठेवली, कागद दाखवा," तर कदाचित माझा हात थबकला असता. कुणी आलंच नाही. म्हणून तू गप्प राहिलीस की माझा संताप होतो. तो तुझ्यावर नसतो, तरी तुझ्यावरच निघतो. समजून घे.

तो मुलगा मोठमोठ्या अभ्यासांचे दाखले देत होता म्हणालीस. मग हे ऐक. 2010 साली अमेरिकेतल्या दोन नामांकित प्राध्यापकांनी, राइनहार्ट आणि रोगॉफ यांनी, मांडलं की कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या 90 टक्क्यांवर गेलं की वाढ कोसळते, सरासरी उणे 0.1 टक्के होते. जगभरचे मंत्री तो आकडा घेऊन कपातीला निघाले. थॉमस हर्नडन नावाच्या विद्यार्थ्याला वर्गाच्या गृहपाठात तेच गणित पुन्हा करून पाहायचं होतं. ते काही जुळेना. त्यानं प्राध्यापकांकडं मूळ तक्ता मागितला, त्यांनी तो दिला. बेरजेत पाच देशांच्या ओळी धरायच्याच राहिल्या होत्या. आणखीही दोष होते. सगळं दुरुस्त केल्यावर 2013 मध्ये तीच सरासरी अधिक 2.2 टक्के निघाली. तो मोर्च्यात पुढं नव्हता, घोषणा देत नव्हता. त्यानं ओळी मागितल्या. तोवर ग्रीससारख्या देशांत पेन्शनी आणि दवाखाने छाटून झाले होते. तिथली अर्थव्यवस्था चौथ्या हिश्श्यानं आक्रसली आणि उत्पन्नाच्या मानानं कर्ज उलट वाढलं.

इथंही मागितल्यावर मिळालंय. 1991 मध्ये देशाचं सोनं गहाण पडलं होतं, याहून बिकट काय असणार? तरीही खतांची 40 टक्के भाववाढ विरोधामुळं 30 वर आणावी लागली आणि लहान शेतकरी त्यातून वगळावे लागले. सप्टेंबर 2023 चा नऊ कंपन्यांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय तुझ्याच वयाच्या पोरांनी रान उठवल्यावर ऑक्टोबरात रद्द झाला. तेव्हा काय तिजोरी भरली होती? "पैसा नाही" हे वाक्य दाबल्यावर किती मागं सरकतं ते बघ.

आणि एक. आईला लाडक्या बहिणीचे 1500 मिळतात म्हणून त्यानं टोमणा मारला आणि तू मान खाली घातलीस. ते पैसे आईला घेऊ दे. त्या योजनेसाठी 2025-26 ला 36 हजार कोटी ठेवले होते, ती ओळ सगळ्यांना पाठ आहे. तिच्या वरच्या-खालच्या ओळी कुणाला पाठ आहेत? मायलेकींना एकमेकींसमोर उभं केलं की बाकीची पानं मिटलेलीच राहतात. तुझी नोकरी आईच्या ओळीतून येणार, हे तुला कुणी सांगितलं? ओळ दाखवली का त्यानं?

हे शहर साध्या मागण्यांवर उभं राहिलंय. कुंभारीला विडी कामगार बायांनी घरं मागितली तेव्हा लोक हसले होते. आज गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरं आहेत. त्या बाया काही अर्थशास्त्र शिकल्या नव्हत्या, पण मोर्च्यातून घरी परतताना कागद घेऊन परतायच्या. तुझी आई त्यातली आहे की नाही, घरी विचार.

आता काम. तुझ्या केंद्राची मंजूर पदं किती, भरलेली किती, कंत्राटी किती, मागच्या तीन वर्षांत त्या लेखाशीर्षाखाली तरतूद किती होती, प्रत्यक्ष खर्च किती झाला आणि परत किती गेले. माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, उत्तराला 30 दिवस. अर्ज तुझ्या नावानं नको, करार नव्यानं व्हायचाय. माझ्या नावानं घाल. माझं टेबल आता कोण बदलणार? निवेदनावर सही पुन्हा करायची की नाही ते आकडे पाहून तू ठरव, मी त्यात बोलणार नाही.

मसुदा लिहून ठेवलाय, अक्षर अजून बरं आहे. बुधवारी आमच्याकडं पाणी येतं, तेवढा दिवस सोडून कधीही ये. येताना त्या मुलालाही आण.

तुझा,
काका