शेपूट वाकडं दिसलं म्हणून रेडा बाद करायचा का?

तुमचा प्रश्न असा: शुक्राणूचा आकार बघून तो किती जोरात पोहेल हे सांगता येतं का, आणि कांडीतले, म्हणजे गोठवलेल्या रेताच्या बारीक नळीतले, शुक्राणू शेपूट गुंडाळलेले निघाले तर तो रेडा खराब समजायचा का?

पहिल्याचं उत्तर थोडंफार सांगता येतं. दुसऱ्याचं उत्तर नाही. निदान तेवढ्यावरून तरी नाही.

करवीर तालुक्यातल्या एका गोठ्यावर नेमकं हेच झालं. डिसेंबरात लागोपाठ तीन म्हशी उलटल्या, म्हणजे रेतन करूनही गाभण राहिल्या नाहीत. रेतन करणाऱ्याने उरलेल्यातली एक कांडी वितळवून थेंब काचेवर घेतला. निम्म्याहून जास्त शेपट्यांची टोकं अंगठीसारखी वळलेली. झालं, ‘रेडाच वाकडा’ असा निकाल. ती काच नळाखाली धुऊन नुसती झटकलेली होती, कोपऱ्यात पाण्याचे थेंब तसेच. सगळी गोष्ट तिथेच आहे.

कांडीत शुक्राणू साध्या पाण्यात नसतात. अंड्याचा बलक, साखर, क्षार आणि सुमारे सहा-सात टक्के ग्लिसरॉल अशा दाट द्रावात असतात. त्यात साधं पाणी मिसळलं की ते पेशीत शिरतं. शेपटीवरचं पातळ आवरण फुगतं, आतला तंतूंचा जुडगा मात्र ताणला जात नाही, म्हणून तो वळून त्या फुग्यात बसतो. आता गंमत बघा. आवरण फाटलेलं असेल तर पाणी आत कोंडत नाही आणि शेपूट सरळच राहतं. प्रयोगशाळेत मुद्दाम पातळ द्राव घालून हीच चाचणी करतात, तिला एचओएस (हायपो-ऑस्मोटिक स्वेलिंग, पातळ द्रावात फुगण्याची चाचणी) म्हणतात. वळलेलं शेपूट म्हणजे आवरण शाबूत. म्हणजे ज्यांच्यावरून रेडा बाद ठरला, तेच धड होते!

त्याच लॉटची दुसरी कांडी रीतसर बघितली. ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद, तेही थर्मामीटर घालून, बोट बुडवून नाही. कांडी बाहेरून कोरडी पुसायची, नाहीतर कापताना टोकावरचं पाणी आत जातं. काच कोरडी आणि ३७ अंशांवर ठेवलेली, थेंब १० मायक्रोलिटर, वर कव्हरस्लिप. निम्म्याहून जास्त शुक्राणू सरळ पुढे धावत होते. गोठ्यावर मात्र गन, म्हणजे कांडी घालून रेत सोडायची धातूची नळी, पहाटेच्या गारठ्यात तशीच पडलेली असायची. ३७ अंशांवर वितळलेलं रेत त्या थंडगार गनमध्ये गेलं की शीतधक्का बसतो. त्यानेही शेपट्या मोडतात, आणि काही शुक्राणू गोल किंवा चक्क उलटे पोहतात. उलटे पोहणारे बरेच दिसले तर रेड्याला नाव ठेवण्याआधी थंडीचा संशय घ्या.

आता आकाराचं. शुक्राणूला पाणी आपल्यासारखं नसतं. पंचगंगेत हात मारून थांबलात तरी थोडं पुढे सरकता. शुक्राणूचा रेनॉल्ड्स आकडा (पुढे सरकत राहण्याचा जोर द्रवाच्या चिकटपणाच्या किती पट, ते सांगणारा) ०.०१ च्याही खाली असतो, म्हणजे गुऱ्हाळातल्या काकवीत पोहल्यासारखं. शेपूट थांबलं की तो जागच्या जागी थांबतो. पुढे जाता येतं ते एवढ्यासाठी, की बारीक तंतूला आडवं ओढायला उभ्यापेक्षा जवळजवळ दुप्पट विरोध होतो. ग्रे आणि हँकॉक या शास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या शुक्राणूवर हे गणित मांडलं. त्यामुळे डोकं म्हणजे बहुतेक ओझंच, काम सगळं शेपटीच्या लाटेचं.

वळूच्या शुक्राणूचं डोकं चपट्या वल्ह्यासारखं असतं: लांबी ९ मायक्रॉनच्या आसपास, रुंदी साडेचार, जाडी एकाहूनही कमी. रेड्याचं थोडं आखूड. निरोगी शुक्राणू पोहताना स्वतःभोवती फिरतो, म्हणून फेज कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली डोकं लुकलुकतं: चपटी बाजू, कड, पुन्हा चपटी बाजू. जो लुकलुकत नाही तो बहुधा काचेला चिकटून गोल फिरतोय. निव्वळ आकाराच्या मोजमापापेक्षा मी या लुकलुकण्यावर जास्त विश्वास ठेवतो.

‘लांब शेपूट म्हणजे जास्त वेग’ हे तर सोडूनच द्या. ड्रोसोफिला बायफर्का या माशीचा शुक्राणू ५.८ सेंटीमीटर लांब, नराच्या अंगाच्या सुमारे वीसपट, आणि तो गुंडाळून गोळा होऊन मादीत जातो. ती लांबी मादीतल्या लांबलचक साठवण-नळीसाठी आहे, शर्यतीसाठी नाही. चिमणीच्या कुळातल्या पक्ष्यांच्या शुक्राणूचं डोकं स्क्रूसारखं, पोहताना तेही फिरत जातं. युरोपातल्या वुड माऊस उंदराच्या शुक्राणूच्या डोक्याला आकडा असतो, त्याने ते शुक्राणू एकमेकांत अडकून गाडीसारखे एकत्र धावतात. गोलकृमींच्या शुक्राणूला शेपूटच नाही, तो अमीबासारखा सरपटतो. काही पक्ष्यांत लांबी आणि वेगाचं नातं सापडलंय, इतरत्र नाही. एका जातीचा नियम दुसरीला लावू नका.

म्हणून म्हशी उलटल्या की आधी गन, पाणी, काच आणि माजाची वेळ तपासा. म्हशीचा मुका माज, म्हणजे बाहेरून लक्षणं न दाखवणारा माज, चुकला तर जगातला उत्तम शुक्राणूसुद्धा काही करू शकत नाही. तो रेतन करणारा हे अजून मानत नाही, पण थर्मामीटर मात्र आता खिशात असतो.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. काही वाकडेपणा खरोखर रेड्याचाच असतो. ऑइल इमर्शनखाली, म्हणजे सूक्ष्मदर्शकाच्या तेल लावून वापरायच्या मोठ्या भिंगाखाली, २०० शुक्राणू मोजा. शेपूट हेअरपिनसारखं दुमडलेलं आणि त्या कोपरात बारीक थेंब अडकलेला दिसला, तर तो दोष काचेवर नाही, शरीरात वृषणानंतरच्या नळीतच झालाय. पाण्याने किंवा थंडीने वाकलेल्या शेपटीत तो थेंब नसतो. तो खूप ठिकाणी दिसला तर रेड्याला विश्रांती द्या आणि दोन महिन्यांनी पुन्हा तपासा, कारण नवे शुक्राणू तयार होऊन बाहेर यायला काही आठवडे लागतात. तेव्हाही थेंब दिसले, तर मी तुमच्याशी वाद घालणार नाही.