मिसळीचा ‘लाल चिखल’ का होतो? कोल्हापुरात खाण्याचे फोटो काढताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाव कोल्हापूर, नोकरी बाहेर, दिवाळीला दहा दिवस घरी. खाण्याचे फोटो काढायची हौस आहे, फोन बरा आहे. पण मिसळीचा फोटो काढला की नुसता लाल चिखल दिसतो, पांढरा रस्सा तांदळाच्या धुवणासारखा राखाडी येतो. आणि गावातली हॉटेलं फिरायची तर सुरुवात कुठून करायची, त्यासाठी कॅमेरा घ्यायचा का?

कॅमेरा आत्ता घेऊ नका. तुमच्या दोन्ही तक्रारी कॅमेऱ्याच्या नाहीत. एक उजेड मोजण्याची आहे, दुसरी टेबल निवडण्याची. मिसळीच्या हॉटेलात शिरल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात कुठे बसलात यावर फोटोचं बरंचसं ठरून जातं.

बहुतेक ठिकाणी उजेड रस्त्याकडून येतो. पुढचं दार किंवा शटर पूर्ण उघडं, मागे पत्र्याखाली अंधार आणि ट्यूबलाइट. दारापासून चार ते सहा फुटांवरचं टेबल घ्या, आणि असं बसा की दार तुमच्या डाव्या किंवा उजव्या हाताला येईल. दाराकडे पाठ करून बसलात की ताटावर तुमचीच सावली पडते. थेट ऊन पडलेलं टेबल नको, त्यात तर्री पांढरी चमकते आणि कांदा जळल्यासारखा दिसतो. डोक्यावर निळी ताडपत्री असेल तर जागा बदला. त्या उजेडात पांढरा रस्सा निळसर येतो, आणि नंतर निळा काढायला गेलं की तांबड्याचा रंग बिघडतो. लाल सनमायक्याचं टेबलही तसंच फसवं. त्याचा रंग खालून स्टीलच्या ताटलीत आणि वाटीच्या पोटावर उतरतो. अशा टेबलावर ताटलीखाली साधा पांढरा कागद किंवा जुना पेपर टाका.

दाराचा उजेड आणि डोक्यावरची ट्यूब दोन्ही एकत्र पडले की अर्धी ताटली निळसर, अर्धी पिवळट येते. तुमच्या टेबलावरची ट्यूब बंद करता येते का ते विचारून बघा. सकाळी गर्दी नसताना कुणी नाही म्हणत नाही. ट्यूबखालीच काढायची वेळ आली आणि फोटोवर आडवे काळपट पट्टे दिसले, तर फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो. शटर त्याच्या पटीत बसलं की पट्टे जातात.

आता लाल चिखल. फोन प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा, निळा असे तीन रंग मोजतो. कटात जवळपास सगळा भरणा लालचाच. फोनला समोरचं चित्र एकूण काळपट वाटतं म्हणून तो उजेड वाढवतो, आणि या रंगांची तीन भांडी धरली तर त्यातलं लाल भांडं आधी भरून सांडतं. सांडल्यावर मटकीचा दाणा, मसाल्याचा कण, तेलाची कड सगळं एकाच लालात बुडतं. वर ‘फूड’ मोड चालू असेल तर तो आणखी लाल ओततो. तो मोड आणि दृश्य ओळखून रंग बदलणारी सोय, दोन्ही बंद करा. मग स्क्रीनवर कटाच्या सगळ्यात उजळ भागावर बोट दाबून धरा. फोकस आणि उजेड तिथे कुलूपबंद होतात. त्यानंतर उजेडाची पट्टी खाली ओढा, उणे ०.३ ते उणे ०.७ पर्यंत. तेलात मसाल्याचे बारीक कण वेगळे दिसायला लागले की थांबा. फोटो जरा काळोखा वाटेल, पण सावल्या नंतर वर आणता येतात. सांडलेला लाल परत येत नाही.

कोन हा दुसरा मुद्दा. टेबलाला जितकं समांतर वाकाल तितकी तर्रीवर चमक जास्त आणि आतलं काही दिसत नाही. मिसळीसाठी साधारण ५० ते ६० अंश वरून घ्या. तिथून चमक एका कडेला सरकते आणि फरसाणाखालची मटकी दिसते. चमक पूर्ण घालवू नका. पोलरायझर म्हणजे चमक कापणारी काच लावून तर्रीची चमक मारलेले फोटो बरेच दिसतात, त्यांत कट कालचा, गार झालेला वाटतो. शिवाय पोलरायझर स्टीलच्या ताटलीवर चालत नाही, म्हणजे मुख्य डोकेदुखी तशीच राहते. स्टीलवर उपाय एकच: स्वतः हलण्याऐवजी ताटली थोडीथोडी फिरवा आणि कडेतलं दिव्याचं प्रतिबिंब कुठे जातं ते बघा. आणि भडक पिवळा किंवा लाल शर्ट घालून जाऊ नका, वाटीच्या पोटात तोच दिसतो.

मिसळीला मुदत फार कमी. कट पडल्यापासून दोन-तीन मिनिटांत फरसाण फुगून बसतं आणि ढीग सपाट होतो. म्हणून ताटली यायच्या आधी सगळी तयारी हवी: लेन्स पुसलेली, बसायची बाजू ठरलेली, उजेडाचा अंदाज पाण्याच्या ग्लासावर घेतलेला. गर्दी नसेल तर ‘कट वेगळा द्या’ म्हणून सांगा. मग फरसाणाच्या एका बाजूनं तीन-चार चमचे कट सोडा आणि वरचा तिसरा हिस्सा कोरडा ठेवा. फरसाणाचा कुरकुरीतपणा, मटकी आणि तर्री तिन्ही एकाच चित्रात येतात. कांदा-कोथिंबीर तुम्हीच शेवटी टाका, चिमूटभर. लिंबू पिळू नका, फोड कापलेली बाजू वर करून ठेवा. आणि इथे मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड मिळतो, पाव नाही. तो चित्रात असू द्या. कोल्हापूरची मिसळ ओळखू येते ती त्यानंच.

लेन्स पुसणं हसण्यावारी नेऊ नका. तेलकट बोट एकदा लेन्सवर लागलं की सगळ्या फोटोवर धुकं येतं आणि दिव्यांना शेपट्या फुटतात. सुती रुमाल एका खिशात, टिश्यू दुसऱ्या खिशात. टिश्यू वाटीच्या काठावरचा ओघळ पुसायला.

तांबडा-पांढरा हा अवघड पेपर. पांढरा रस्सा राखाडी येतो कारण फोन पांढऱ्यालाही मध्यम उजेडाचं समजून खाली ओढतो. इथे उलटं करा: पांढऱ्यावर बोट दाबून उजेड अधिक ०.७ ते अधिक १. पण त्याच ताटात तांबडा आणि सुकं मटण आहे, त्यांना उणे हवं. दोन्ही कसं जमवायचं? ताटातल्या वाट्यांची जागा बदला. उजेडाच्या बाजूला सुकं आणि तांबडा, लांबच्या बाजूला पांढरा. दारापासून लांब गेलं की उजेड उतरत जातो, ताटभर अंतरातही फरक पडतो. गडद पदार्थाला जास्त आणि पांढऱ्याला कमी मिळाला की फोनला दोन्ही सांभाळता येतात. तरीही पांढऱ्याच्या बाजूला काळोख वाटला तर मेनूकार्डाची पांढरी बाजू तिथे उभी धरा.

पांढऱ्याची दुसरी अडचण म्हणजे तो नुसता दुधासारखा दिसतो. त्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू आणि मटणाचा स्टॉक आहे हे फोटोतून कळायला पृष्ठभाग दिसला पाहिजे. चमच्यानं एकदा हळू ढवळून लगेच काढा. वर आलेले तुपाचे थेंब आणि एखादी लवंग किंवा मिरी फिरत असते, ते पुरतं. तो ठेवून दिला तर साय धरतो आणि कडेला पाणी सुटल्यासारखं दिसतं. तांबड्यातली आणि सुक्यातली चरबी गार होताना आधी मंद पडते, मग वाटीच्या काठाला पांढरे कण चिकटतात. थिजलेला रस्सा कुठल्याही ॲपनं परत गरम दिसत नाही. वाढप्याला आधीच सांगा: भाकरी, कांदा, भात आधी मांडा, रस्से शेवटी. वाट्या पाऊण भरलेल्याच बऱ्या, काठोकाठ भरल्या की ताट उचलतानाच ओघळ येतो.

ताट सरळ वरून काढा, तिरकं नको. तिरक्यात पुढची वाटी मोठी आणि मागची लिंबाएवढी दिसते. वरून काढताना लोक फोन ताटाच्या अगदी जवळ नेतात, मग फोनची सावली पडते आणि ताट कडेला लांबट होतं. हात उंच करा आणि दुप्पट झूम वापरा. जवळ नेल्यावर काही फोन आपोआप रुंद लेन्सवर उडी मारतात, ते बंद ठेवा. पोर्ट्रेट मोड ताटासाठी वापरूच नका: तो वाटीचा अर्धा काठ धूसर करतो आणि चमच्याची दांडी खाऊन टाकतो. वाफ पकडायची असेल तर उजेड मागून-बाजूनं आणि पाठीमागे काळोख हवा. उजेड समोरून असला की वाफ दिसतच नाही.

दिवाळी आटोपल्यावर कुणी कॅमेरा वापरायला दिलाच, तर ५० मिमीची लेन्स लावा आणि छिद्र (उजेड आत घेणारी लेन्सची उघडझाप) एफ/४ ते एफ/५.६ ठेवा; आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं. एफ/१.८ वर मटकीचा एक दाणा स्पष्ट आणि बाकी सगळं ढगात, असा फोटो येतो.

आता फिरण्याचं. ‘कोल्हापुरातली टॉप १०’ असल्या याद्या घेऊन निघू नका. एकच पदार्थ धरा आणि तो पाच ठिकाणी खा: तोच कोन, तेवढंच अंतर, चौकट तीच. मिसळच घ्या. उद्यमनगरातली फडतरे, कसबा बावड्यातली बावडा मिसळ, खासबागेतली, तुमच्या आवडीची आणखी एखादी, आणि तुमच्या पेठेतली कोपऱ्यावरची, जिचं नाव कुणी इंटरनेटवर लिहिलेलं नाही. पाच फोटो शेजारी ठेवले की कटाचा रंग, तेलाचा थर, फरसाणाची जात, बटाटा आहे की नाही, सगळं आपोआप बोलायला लागतं. सुटे पन्नास फोटो काढून एवढं हाती लागत नाही. माझ्या मते पाचांतला तो कोपऱ्यावरचा फोटोच लोक जास्त वेळ बघतील.

वेळा घड्याळाप्रमाणे पाळा. मिसळ सकाळी साडेसात-आठला, तेही मंगळवारी किंवा बुधवारी. रविवारी नऊ वाजता रांग असते, तेव्हा फोटोसाठी टेबल अडवणं म्हणजे मागच्या माणसाचा घास अडवणं. दुपारनंतर बऱ्याच ठिकाणी कट संपलेला असतो. मटणाची ताटं साडेबाराच्या सुमारास, पहिल्या पंगतीला. बुधवार, शुक्रवार, रविवार हे जोराचे दिवस. लक्ष्मीपूजन-पाडव्याला काय उघडं आहे ते आदल्या दिवशी विचारून ठेवा. संध्याकाळी खासबाग मैदानाजवळ राजाभाऊंची भेळ. सूर्य मावळायच्या आधीची वीस-पंचवीस मिनिटं तिथे चांगली, नंतर बल्बचा पिवळा उजेड येतो. भेळीला मिसळीपेक्षाही कमी वेळ, चुरमुरे मिनिटभरात दबतात. म्हणून तयार कागदापेक्षा कालवणारा हात काढा.

गंगावेशीतला दूध कट्टा, जिथे म्हशीची धार समोरच काढून ग्लासात देतात, तो चुकवू नका, पण तिथली गणितं वेगळी. म्हशीजवळ फ्लॅश अजिबात नको, जनावर बुजतं आणि धार काढणाऱ्याला लाथ बसते. धार गोठवायची तर शटर १/५०० लागतं, तेवढा उजेड तिथे पहाटे किंवा सांजेला नसतो. उलट १/६० वर ठेवून हात खांबाला टेकवा: धारेची पांढरी रेघ येते आणि ग्लास स्पष्ट राहतो. ग्लासातला फेस एक-दोन मिनिटं टिकतो, तेवढ्यात वरून एक आणि बाजूनं एक.

परवानगी आधी, गल्ल्यावर. ‘मामा, ताटाचा एक फोटो घेऊ काय?’ एवढं पुरतं. चुलीकडे जायचं असेल तर वेगळं विचारा, आणि मावशी भाकरी थापत असतील तर त्यांना स्वतःला विचारा, मालकाला नाही. शेजारच्या टेबलावरची माणसं चौकटीत नकोत. जे काढाल ते मागवलेलं आणि खाल्लेलं असावं. खुर्चीवर चढणं, रिंग लाइट लावणं, तीनदा ताट बदलून मागणं, यामुळेच काही ठिकाणी आता फोन काढला की कपाळाला आठ्या पडतात. मालकानं पैसे घेतले नाहीत तर पोस्टमध्ये तसं लिहा. ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फुकट मिळालेली वस्तू किंवा सेवा उघड करणं सांगितलेलंच आहे.

प्रत्येक ठिकाणी फोनच्या वहीत पाच गोष्टी टिपा: तारीख, दर, जादा कटाचे पैसे घेतात का, सुट्टीचा वार, किती वाजता संपतं. फोटोखाली ‘अप्रतिम चव’ लिहिण्यापेक्षा हे लिहा, वाचणाऱ्याला त्याचाच उपयोग होतो. तारीख मात्र हवीच, दर बदलतात.

दुरुस्ती थोडकी. स्नॅपसीड या फोटो-दुरुस्तीच्या ॲपमध्ये व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर (पांढरं काय ते ॲपला दाखवणारी खूण) भातावर किंवा टिश्यूवर टेकवा, पांढऱ्या रश्श्यावर नाही, त्याला स्वतःची पिवळसर झाक असते आणि ती राहायला हवी. सावल्या थोड्या वर आणा. सॅच्युरेशनला हात लावू नका. लाल अजूनही बोचत असेल तर लाइटरूम या दुसऱ्या ॲपमध्ये फक्त लाल रंगाची पट्टी उणे दहापर्यंत न्या. इन्स्टाग्रामसाठी उभी ४:५ चौकट, १०८० बाय १३५०.

तरीही लाल चिखल आला तर फोटो मूळचा, दुरुस्ती न केलेला टाका आणि सोबत तीन गोष्टी लिहा: दार कुठल्या हाताला होतं, डोक्यावर कुठला दिवा होता, आणि कट पडल्यावर किती वेळानं बटण दाबलं.