सगळी स्टेशन 60 सेकंदांची, तरी तासाला 60 नग का निघत नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: असेंब्ली लाइनवरच्या प्रत्येक स्टेशनचा सरासरी सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) 60 सेकंद आहे, एक्सेलमध्ये तासाला 60 नग दिसतात, लाइनवर मात्र बरेच कमी पडतात, मग सिम्युलेशन करून, म्हणजे लाइनचं मॉडेल संगणकावर चालवून, काही हाती लागेल का?

लागेल. एक्सेलची चूक एवढीच की त्याने सरासरीवर विश्वास ठेवला. एक नग 45 सेकंदांत होतो, पुढचा स्क्रू अडकला म्हणून 80 घेतो. मागचं स्टेशन रेंगाळलं की पुढचं रिकामं बसतं. पुढचं रेंगाळलं की मागचा तयार नग हातात धरून उभा. हा गेलेला वेळ नंतर कुणी कितीही हात चालवला तरी भरून येत नाही.

दोनच स्टेशन घ्या. दोन्हींची सरासरी 60 सेकंद, पण वेळ अगदी बेभरवशाचा, म्हणजे घातांकी वितरणाचा (बरेच नग झटपट होतात, काही फारच लांबतात). मध्ये नग ठेवायला जागाच नसेल तर तासाला 40 निघतात. एका नगाची जागा केली की 45. चारांची केली की 51. दहांची केली तरी 55च. पहिल्या जागेने पाच नग मिळवून दिले, शेवटच्या सहा जागांनी मिळून चार! माणसाचं काम इतकं बेभरवशाचं नसतं, त्यामुळे तुमची घट कमी असेल. चाल मात्र हीच.

ब्रेकडाउनच्या बाबतीत मी स्वतः तोंडावर पडलोय. मशीन 5 टक्के वेळ बंद असतं, म्हणून पहिल्या मॉडेलमध्ये मी सायकल टाइमच तेवढा वाढवून टाकला. आकडा छान आला, लाइनवर काही तो दिसेना. दर तासाला 3 मिनिटं बंद आणि आठ तासांच्या शिफ्टमध्ये एकदाच 24 मिनिटं बंद, टक्के दोन्हीकडे 5च. पण पुढच्या बफरमध्ये (दोन स्टेशनच्या मधल्या नग ठेवायच्या जागेत) चार नग असले तर पहिला बंद पुढच्या स्टेशनला कळतही नाही. दुसऱ्यात ते 20 मिनिटं उपाशी. (बफर पुन्हा भरायला मागचं स्टेशन थोडं वेगवान लागतं, हे विसरू नका.) म्हणून लॉगबुकातून टक्केवारी घेऊ नका, प्रत्येक बंदची वेळ आणि लांबी उतरवून घ्या. छोटे, दोन-दोन मिनिटांचे बंद कुणी लिहीतच नाही; त्यासाठी स्टॉपवॉच घेऊन उभं राहावं लागतं.

सॉफ्टवेअर दुय्यम. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा येत असेल तर तिची सिम्युलेशनची लायब्ररी सिमपाय फुकट आहे. मॉडेलमधली लाइन सुरुवातीला रिकामी असते, तेव्हा पहिल्या काही तासांचे आकडे टाकून द्या, आणि रँडम सीड (यादृच्छिक आकडे ज्या आकड्यापासून सुरू होतात तो) बदलून निदान दहा-वीस वेळा चालवा.

खऱ्या लाइनचं मॉडेल उभं करण्याआधी वरच्या दोन स्टेशनचं करून पाहा. बफर नसताना 40 च्या आसपास आलं पाहिजे. तिसरं तसंच स्टेशन जोडलं की साधारण 34. तसं आलं नाही तर चूक कोडमध्ये आहे.